डंगाचं पान

फुलपाखरं मोजायची तर आधी सावकाश चालायला शिकावं लागतं. ठरलेली वाट, दोन्ही अंगांना अडीच-अडीच मीटर, पुढं पाच मीटर. एवढ्या टापूत दिसेल तेवढंच वहीत लिहायचं. पोलार्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात बसवलेली ही रीत मी राधानगरी-दाजीपूरच्या डोंगरात वापरतो. खाली उसाचे बांध, मग रानाची शीव, पुढं डंग आणि वर सडा.

बांधावर रुई आहे म्हणून प्लेन टायगर आहे. त्याची अळी रुईचं विष अंगात साठवते, त्यामुळं पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लायची मादी त्याच्यासारखंच रूप घेऊन वावरते. तिची अळी मात्र घोळीवर वाढते. टाकळ्यावर ग्रास यलो. आंब्यावरचं बांडगूळ आपण कापून टाकतो, आणि कॉमन जेझबेलच्या अळ्या नेमक्या बांडगुळावरच वाढतात! म्हणून मोजणी शिकायला आलेल्या पोरांना मी आधी झाडं ओळखायला लावतो. मध बऱ्याच फुलांचा चालतो, अळीला मात्र ठरावीकच पान लागतं. नुसत्या झेंडूच्या वाफ्यावर फुलपाखरं येतील, नांदणार नाहीत.

वही भरते ती शिवेवर. तिथं ऊन आहे, सावली आहे, ओढ्याकाठचा ओला चिखल आहे. त्या चिखलातून नर घोळक्यानं क्षार शोषतात आणि मिलनाच्या वेळी त्यातला वाटा मादीला देतात. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनही इथंच झेपावत जातं. सड्यावर वारा फार. उघड्या जांभ्या दगडावर पॅन्सी ऊन खात बसतात.

डंग म्हणजे दाजीपूरकडचं गच्च रान. तिथं कवडशांपुरतंच ऊन उतरतं, त्यामुळं चाल थांबवून उभं राहावं लागतं. पाचोळ्यावरून ग्लॅड-आय बुशब्राउन लुटुलुटु उडतं. ब्लू ओकलीफनं पंख मिटले की वाळकं पानच, मधली शीरसुद्धा तशीच. उघडले की गर्द निळाई. त्याच्या अळीला कारवी लागते.

आकडे पाहून लोक म्हणतात, रानातली वाट रुंद केली, ऊन आत आलं, तर फुलपाखरं वाढतील ना? आकडा वाढेलही. पण वाढतील ती प्लेन टायगर, ग्रास यलो, म्हणजे राज्यात कुठंही भेटणारी. सावली गेली, कारवी गेली, की ओकलीफनं जायचं कुठं? म्हणून शीव, बांध, सडा, डंग यांची मी एकत्र बेरीज करत नाही. प्रत्येकाचं पान वेगळं. डंगाच्या पानावर दोनच नावं आली, तरी त्यांच्यापुढं वेळ, जवळचं झाड, कवडसा किती रुंद होता, हे सगळं लिहितो. बांधावरच्या नोंदीला एवढा तपशील मी लावत नाही.