खादीच्या गावात 'जीन्स'!

जीन्स म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर एखादा ब्रँडेड शोरूम येत असेल, तर जरा थांबा. आपण बोलतोय त्या जीन्स पेशीत असतात, आणि त्यांची गोष्ट समजून घ्यायला चक्क सेवाग्रामला जाता येतं. हो, वर्ध्याजवळचं, बापूंचं सेवाग्राम!

वर्धा स्टेशनपासून आठेक किलोमीटर. आश्रमात शिरलात की आपसूक आवाज खाली येतो. मातीच्या भिंती, कौलं, सारवलेली जमीन. १९३६ मध्ये गांधीजी आले तेव्हा याचं नाव होतं शेगाव. आश्रमात व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला टेलिफोन आणि साप पकडायचा चिमटा बघून सगळेच खूश होतात. पण परचुरे कुटी चुकवू नका. संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग झाला. लोक अशा रोग्याजवळ उभंही राहत नसत, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांना मालिश करायचे.

आता जवळच्याच एमजीआयएमएसच्या कॅम्पसमध्ये या. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये हे मेडिकल कॉलेज सुरू केलं. खादी, श्रमदान, प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घेणं ही इथली ओळख. इथल्याच बायोकेमिस्ट्री विभागात आणि जमनालाल बजाज संशोधन केंद्रात हत्तीपाय आणि टीबीवर अनेक वर्षं काम झालं. हत्तीपायाचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्रीच दिसतात, म्हणजे नमुने घ्यायला रात्री गावात जायचं! पुढे याच कामाला जोड मिळाली ती बायोइन्फॉर्मेटिक्स सेंटरची.

बायोइन्फॉर्मेटिक्स म्हणजे काय? सोप्या भाषेत, जनुकांची अक्षरं कॉम्प्युटरवर वाचायची. टीबीच्या जंतूची सुमारे ४४ लाख अक्षरं १९९८ मध्ये उलगडली. जनुकं सुमारे ४,०००, पण कितीतरींचं काम काय, हेच ठाऊक नव्हतं. ते ओळखायचं तर ओळखीच्या जनुकांशी अक्षरं ताडून बघायची. २००१ मध्ये कुष्ठरोगाच्या जंतूचा नंबर लागला. हा पठ्ठ्या प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाही, त्यामुळे वाचन आणखी मोलाचं. कळलं काय? चालू जनुकं सुमारे १,६००, आणि १,१०० च्या आसपास चक्क बंद पडलेली.

गंमत म्हणजे ही माहिती जगात कुणालाही फुकट मिळते. कोट्यवधींचं मशीन नको. कॉम्प्युटर, नेट आणि डोकं पुरतं. बापूंना चाललं असतं का हे? १९२९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस जाहीर झालं होतं. अट साधी, यंत्र झोपडीत मावलं पाहिजे. मग पीसीला हरकत नसावी!

बायोइन्फॉर्मेटिक्स पुण्यात शिकता येतं, नोकरी बंगळुरू-हैदराबादला मिळते. तिथे जंतू म्हणजे स्क्रीनवरची फाइल. इथे मात्र त्याच कॅम्पसमध्ये कस्तुरबा हॉस्पिटलची ओपीडी आहे. ज्याच्या आजाराची अक्षरं तुम्ही वाचताय, तो माणूस केसपेपर हातात धरून रांगेत उभा असतो. परचुरे कुटी आठवते ती इथे. अक्षरं वाचून झाली, तरी त्या माणसाला हात लावायचं काम उरतंच.

कसं जाल? मुंबईहून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने वर्धा. नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मे महिन्यातलं ऊन मात्र आमच्या भरवशावर अंगावर घेऊ नका!