पोरांना हॉल द्या, पूल आपोआप रिकामा होईल

मी नववीत असताना गणेशोत्सवाच्या स्टेजवर ब्रेकडान्स आला. मोठी माणसं म्हणाली, दोन वर्षांचं वेड आहे, जाईल. आता माझे केस पांढरे झालेत आणि २०२४ मध्ये तोच नाच पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बघितला. त्याच्या सोबतचं रॅपही कुठे गेलं नाही. केंड्रिक लमारला तर २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं.

का टिकलं, हे समजायला सुरुवात बघावी लागते. न्यूयॉर्कचं ब्राँक्स. क्रॉस-ब्राँक्स एक्स्प्रेसवेसाठी हजारो माणसं घरातून उठवली गेली. सत्तरच्या दशकात तिथल्या इमारती एकामागून एक जळत होत्या, काही तर विम्याच्या पैशासाठी मालकांनीच पेटवलेल्या. तिथे सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाची मुलगी राहायची. शाळा सुरू होण्याआधी तिला नवे कपडे घ्यायचे होते. तिने इमारतीचा हॉल भाड्याने घेतला, हाताने आमंत्रणं लिहिली आणि मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट लावलं. तारीख ११ ऑगस्ट १९७३. गाणी लावायला तिचा १८ वर्षांचा भाऊ, डीजे कूल हर्क. कुटुंब जमैकातून आलेलं. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यातले शब्द थांबून नुसता ताल उरतो तेव्हाच पोरं खरी नाचतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवायचा. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात, म्हणून तो ब्रेकडान्स. त्याच तालावर माईकवरचं बोलणं वाढत गेलं आणि त्याचं रॅप झालं.

म्हणजे क्लास नको, गुरू नको, पेटी-तबला नको. आपली बोली आणि आपल्या वस्तीचं नाव पुरतं. म्हणून तर धारावीतली पोरं मराठी, हिंदी, तमिळ सगळ्यांत रॅप करतात. मुंबईच्या ‘स्वदेशी’ ग्रुपने प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलावर, तिथल्या आदिवासींवर गाणं केलं.

रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असं काही जण कौतुकाने म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम गातो, रॅपर बऱ्याचदा स्वतःचाच. पण अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांनी चौकात उभं राहून सत्तेला सुनावलं, ते धाडस मात्र या पोरांत दिसतं. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपर्सवर राजकारण्यांवर टीका करणाऱ्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. दोन-चार मिनिटांच्या गाण्याची एवढी दखल घ्यावी लागली, यातच काय ते आलं.

आता आपल्या प्रभागाचं. उड्डाणपुलाखाली रोज संध्याकाळी आठ-दहा पोरं जमतात, स्पीकरवर बीट लावतात. त्यांना तिथून हटवा असा अर्ज फिरतोय. माझ्याकडे आला, मी सही केली नाही. आवाजाचा त्रास होतो हे मान्य. शिव्या असतात, बायकांबद्दल वाट्टेल ते असतं, तेही मला आवडत नाही आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. पण अर्ज फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी थांबून ऐकलं? त्यातला एक पार्सल पोचवायचं काम करतो. त्याचं गाणं रात्री दोनला येणाऱ्या टँकरवर आहे. आई हंडे घेऊन उभी आणि सकाळी पुन्हा धुणीभांड्याला. तीन वर्षं आपण पाण्यासाठी निवेदनं देतोय, त्यांतल्या एकातही हे इतकं नेमकं लिहिलेलं नव्हतं.

ब्राँक्समध्ये सिंडीला हॉल मिळाला. आपल्याकडेही समाजमंदिर आहे, आपल्याच करातून बांधलेलं. लग्नं, बारशी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस सोडले तर कायम कुलूप. किल्ली कुणाकडे असते ते सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच, आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते साडेआठ, तो हॉल पोरांना द्या. दारं-खिडक्या लावल्या की आवाज आतच राहील. झाडलोट पोरं करतील, विजेचं बिल पहिले सहा महिने मी भरतो. पोरांशी बोलून झालंय, ती तयार आहेत. किल्लीवाल्यांशी बोलायला रविवारी सकाळी दहाला मी जाणार आहे. सोबत येणाऱ्यांनी खाली लिहा.