देवघरातला शाळिग्राम

आमच्या बुलढाण्याकडे विहीर खणली की काळा दगडच लागतो. तो थिजलेला लाव्हा; त्यात शंख-शिंपले कुठले? मग आजीच्या शाळिग्रामात ते चक्र आलं कुठून?

कॉलेजात उलगडा झाला. नेपाळातल्या गंडकी नदीतला तो अमोनाइट, 10 कोटी वर्षांहून जुना, समुद्रातल्या माकुळाच्या गोतातला जीव. गोगलगायीचा शंख आतून सलग पोकळ. याच्या वेटोळ्यात पडदे नि कप्पे. हीच त्याची ओळख.

भीत भीत आजीला सांगितलं. हातातला तांब्या तसाच धरून ती म्हणाली, “मंग इतक्या जुन्या जीवाले मी रोज पाणी घातलं, तं काय चुकलं रे?”

वहीत मी ‘अमोनाइट’ लिहिलं. देवघरात अजून शाळिग्रामच म्हणतो.