देवगिरीचा हमाम व घरचें अभ्यंग

गंगापुराहून ईशान्येच्या वाटेनें गेलें कीं देवगिरीचा किल्ला लागतो. १३२७ सालीं महंमद तुघलकानें आपली राजधानी येथें आणिली व गांवास दौलताबाद हें नांव मिळालें. किल्ल्याच्या आवारांत एक जुना शाही हमाम आहे. पुष्कळ प्रवासी तो न पाहतांच बालेकिल्ला चढूं लागतात. हमामाची रीत अशी, कीं भट्टीच्या आंचेनें दालन व पाणी तापवावें, घाम निघूं द्यावा, अंग रगडून मळ सोडवावा आणि मग स्नान करावें.

असलें उष्णस्नान आपल्याकडे परदेशांतूनच आलें, अशी कित्येकांची समजूत असते. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौदावा अध्याय स्वेदाचाच असून त्यांत तेरा प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकीं ‘जेंताक’ म्हणजे मधोमध भट्टी असलेलें वाटोळें घरच होय. मात्र आधीं स्नेह, नंतर स्वेद, हा क्रम सांभाळावा. ऊन पाणी मानेखालीं बल देतें, पण मस्तकावर घेतल्यास केंस व नेत्र यांस अपाय करतें, असें वाग्भट बजावतो.

शाही हमामास चाकर व सरपण फार लागे. तो ओस पडला. आपल्या घरांत नरकचतुर्दशीस तेल, उटणें व ऊन पाणी अजून आहे, पण तें वर्षांतून एकदांच! वाग्भटाच्या मतें अभ्यंग नित्य करावें. त्यानें जरा, श्रम व वात दूर होतात. कफ वाढला असतां किंवा अजीर्ण झालें असतां तें वर्ज्य. सर्वांगास जमत नसेल, तर मस्तक, कान व पाय यांस तरी तेल लावावें. थंडीनें आखडलेल्या आजोबांच्या पायांस नातवानें रात्रीं कोमट तेल चोळावें, एवढें तर कोणत्याही घरीं होण्यासारखें आहे.