‘मला चालतं’ म्हणता म्हणता

“बाई, तुमच्या घरात कुणाला मधुमेह आहे का हो?”

शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं आणि माझ्या पोटात धस्सच झालं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दुपारचे तीन तास ज्या शाळेत शिकवते, तिथे शिक्षिकांसाठी रक्ततपासणी ठेवली होती. फुकट आहे तर घेऊ करून, एवढ्याच विचाराने मी हात पुढे केला होता. उपाशीपोटी साखर निघाली ११२. आणि गेल्या तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी ती दुसरी तपासणी, एचबीएवनसी, तिचा आकडा ६.१.

“अजून मधुमेह नाही,” बाई म्हणाल्या. “पण ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. आत पाऊल टाकायचं की मागे फिरायचं, ते बरंचसं तुमच्याच हातात आहे.”

घरात कुणाला? माझ्या आईलाच होता! ऐन पंचेचाळिशीत लागला. “मला काय धाड भरलीय,” म्हणत तिने तो दहा वर्षं अंगावर काढला. मग पायाला साधी ठेच लागल्याचं निमित्त झालं, जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. नंतर तिच्या पायात चप्पल राहायची नाही. देवळात जाताना ती सुतळीने बांधून घ्यायची. घरी येताना सबंध वाटभर मला ती सुतळी दिसत होती.

रात्री ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, “अगं, पण तू तर दिवसभर उभीच असतेस!” मलाही तेच वाटत होतं. पाच वाजल्यापासून घरात नाचणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला? पण दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तो भ्रमही दूर केला. खसाखसा फरशी पुसलीत, तर ती धरा म्हणाल्या. पण ओट्याशी उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं माप आठवड्याला निदान १५० मिनिटांचं आहे. जमलं तर ३००.

झालं! मी उत्साहाने कामाला लागले. पाचाऐवजी साडेचारचा गजर, योगासनांची नवी सतरंजी, डब्यात ओट्स, रात्री नुसतं सूप. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे बारा झाले. तेराव्या दिवशी लेकीला ताप आला, त्यात पेपर तपासायला आले, मग गावाकडचे पाहुणे. सतरंजी गेली माळ्यावर आणि ओट्सला झाले पोरकिडे!

तेव्हा मी एक केलं. दूधवाल्याचा हिशेब ठेवतो तशी एक वही घातली आणि आठवडाभर जे जे तोंडात टाकलं ते ते लिहिलं. खोटं न लिहिता. वाचून माझं मलाच हसू आलं, आणि मग रडूही. चहा पाच वेळा, दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाचे दहा चमचे! वरून घातलेली साखर दिवसाला पाच-सहा चमच्यांच्या आत असावी म्हणतात. सकाळी अकरापर्यंत पोटात चहाशिवाय काही नाही. आणि त्यानंतर? ‘लेकीच्या डब्यातला उरलेला पराठा.’ ‘कालचा भात फोडणीला.’ ‘पातेल्याला लागलेला शिरा.’ ‘टाकवेना म्हणून अर्धा लाडू.’ माझ्यासाठी म्हणून ताट वाढून घेतल्याची नोंद सात दिवसांत फक्त दोनदा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वेफर्स. एकादशी आणि दुप्पट खाशी, दुसरं काय! साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, हे बी. ए. झालेल्या मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

तरीही मी चालढकल करत राहिले असते. पण पुढच्याच महिन्यात मी तापाने आडवी झाले. सासूबाईंनी पोळ्या लाटल्या आणि पाचवीतल्या माझ्या लेकीने पानं वाढली. बाबांना, आजीला, भावाला मऊ पोळ्या दिल्या आणि करपलेली एक आपल्या ताटात घेतली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ती ठेव, गाईला घालू.” तर पोरगी म्हणते कशी, “राहू दे आजी, मला चालतं!”

माझंच वाक्य. माझ्याच सुरात. आईकडून मुलीकडे मधुमेहाची प्रवृत्ती येते म्हणतात. पण आणखी काय काय जातं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग मात्र मी नवं वेळापत्रक आखायच्या भानगडीत पडले नाही. आहे त्याच दिवसात जागा शोधली. शाळा घरापासून वीस मिनिटांवर, पण मी रिक्षाने जात असे. आता झपाझप चालत जाते, चालत येते. पाच दिवसांची दोनशे मिनिटं अशी जाता-येता झाली, शिवाय रिक्षाचे पैसे वाचले! जेवणानंतर लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारायच्या. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतरची चढण कमी होते. रविवारी सकाळी आम्ही दोघं चार भिंतीपर्यंत जातो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आयुष्य काढलं, पण साताऱ्याचा हा चढ माझ्या वाट्याला लग्नानंतर आत्ताच आला! आणि कुकरच्या शिट्ट्या होईतो हात न टेकता खुर्चीवरून पंधरा वेळा उठायचं-बसायचं. नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताकदीचं काम लागतं. आपल्या आज्यांना ते जात्याने आणि रहाटाने फुकट मिळत होतं.

ताटाचंही तसंच. वेगळं पथ्याचं काही शिजवलं नाही. आधी कोशिंबीर आणि उसळ वाढून घ्यायची, मग भाकरी, भात शेवटी आणि एकच मूद. चहा दोन वेळा, अर्धा चमचा साखर घालून. आणि सर्वांच्या बरोबरीने बसायचं. सासूबाई पहिले काही दिवस गप्प होत्या. मग एकदा म्हणाल्या, “आमच्या वेळी असं नव्हतं.” थोड्या वेळाने आपणच म्हणाल्या, “असायला हवं होतं.”

खरी परीक्षा झाली ती प्रवासात. नागपूरला वन्संच्या मुलाचं लग्न. महाराष्ट्र एक्सप्रेसने माहुलीच्या स्टेशनावर चढायचं, ते एक रात्र आणि दुसरा जवळजवळ आख्खा दिवस गाडीत. पूर्वीचे प्रवास आठवले. प्रत्येक स्टेशनावर वडा नाहीतर भजी आणि गोड चहा. शिवाय आपली बायकांची खास खोड, पाणीच प्यायचं नाही! डब्यातल्या संडासाच्या धास्तीने दिवसभर घसा कोरडा ठेवायचा, मग डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, बसून बसून पाय सुजतात.

या खेपेला डबा नीट भरला. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पहिल्या रात्रीपुरती मोडाच्या मटकीची कोरडी उसळ, अख्ख्या काकड्या आणि फुटाणे. काकडी घरून चिरून नेऊ नका, पाणी सुटतं. सुरी बरोबर ठेवा. एका पिशवीत साबणाचा तुकडा, कागद आणि जुना रुमाल ठेवला आणि पाणी मोकळेपणाने प्यायले. दर दीड-दोन तासांनी डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी, बसल्या बसल्या घोटे गोल फिरवायचे. भुसावळच्या बाजूला केळी घेतली, ती एकेक वाटून खाल्ली. नागपूरला उतरले तेव्हा पाय चपलेत नीट बसत होते.

पण डबा भरणं सोपं, आग्रह परतवणं अवघड! पहिल्याच संध्याकाळी वन्संनी संत्रा बर्फीचं ताट पुढे केलं. मी एक घेतली, चवीने खाल्ली. दुसरीला नको म्हटलं, तर त्यांचा चेहरा पडला. “एवढ्या लांबून आलीस आणि माझ्या मुलाच्या लग्नात नको म्हणतेस?” पूर्वी मी मुकाट्याने चार खाल्ल्या असत्या. त्या दिवशी त्यांना बाजूला नेऊन माझा आकडा सांगितला, आईची चप्पल सांगितली. वन्सं काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या.

रात्री सगळे झोपल्यावर माझ्या उशाशी येऊन बसल्या. “माझा ७.४ आलाय गं. सहा महिने झाले. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, लग्न पार पडू दे, मग बघू.”

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेली देशभरची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत मधुमेही सुमारे १० कोटी आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींहून अधिक असल्याचा अंदाज आहे. त्यात अशा ‘लग्न पार पडू दे’वाल्या किती असतील! त्या रात्री आम्ही दोघी कार्यालयाच्या आवारात, मांडवाच्या दिव्याखाली अर्धा तास चाललो. लग्नानंतर चौथ्या दिवशी वन्सं डॉक्टरांकडे गेल्या. त्यांची औषधं सुरू झाली. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी खाण्यात आणि व्यायामात फरक करण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं.

माझं म्हणाल, तर मागच्या तपासणीत ५.८ आला. उंबरठ्यावरच आहे अजून. गणपतीत मोदक जास्त होतात, परीक्षेच्या दिवसांत चालणं बुडतं. पण बुडालं तर दुसऱ्या दिवशी परत धरते. साडेचारचा गजर लावत नाही.

आणि आमच्या घरात आता एक नवा नियम आहे. शिळ्या पोळीची पाळी लावली आहे. सोमवारी ह्यांची, मंगळवारी मुलाची, बुधवारी माझी, गुरुवारी लेकीची. सासूबाईंना वयामुळे सूट होती. पण परवा त्याच म्हणाल्या, “माझं नाव का नाही त्यात? शुक्रवार माझा लिही.”