पोफळीचा मुक्काम, बारा व्होल्टवर

ऑगस्टात कुंभार्ली घाट उतरायचा तर घाई करून चालत नाही. कराडहून पाटण, कोयनानगर करत घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा भर दुपारी हेडलाइट लावावे लागले होते. गाडी म्हणजे व्हॅनमध्येच थाटलेलं घर: झोपायला फळी, छोटा फ्रिज, दोन पंखे, टपावर ३०० वॉटचं सोलर पॅनल आणि सीटखाली बारा व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. बायको शेजारी बसून मीटर वाचत होती. "पॅनलमधून दीड अँपिअर येतोय फक्त," ती म्हणाली. मे महिन्यात याच पॅनलने दुपारी पंधराच्या वर दिले होते.

आमचं पॅनल आंधळं करणारे हे ढग मागे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरत होते. १०५ टीएमसीहून थोडी जास्त साठवण असलेल्या या धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे येतं आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पेल्टन चक्रांवर आदळतं. १९६२ पासून हे चालू आहे. पहिल्या दोन टप्प्यांचे मिळून ६०० मेगावॉट. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला पुन्हा अडवतात, अलोऱ्याला त्यातून आणखी ३२० मेगावॉट काढतात, आणि मग ते वाशिष्ठीला मिळतं. एकाच पाण्याकडून दोनदा काम करून घेणारी ही योजना मला फार आवडते.

वीजगृहात परवानगीशिवाय जाता येत नाही. रस्त्यावरून दिसतात ते मनोरे आणि पावसात करकरणाऱ्या तारा. त्या तारांत २२० किलोव्होल्टचा दाब असतो. एवढा कशाला, हे आमच्या व्हॅनमध्ये राहिलं की चटकन कळतं. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. दाब कमी केला की तेवढ्याच कामाला प्रवाह जास्त लागतो, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. इथला ७० मेगावॉटचा एक संच बारा व्होल्टवर चालवायचा तर ५८ लाख अँपिअर वाहून न्यावे लागतील. २२० किलोव्होल्टवर, तीन फेजांत, तेच काम दोनशेच्या आसपास अँपिअरमध्ये होतं.

व्हॅनमध्ये दाब वाढवायची सोय नाही, म्हणून केबल जाड घ्यायची आणि अंतर कमी ठेवायचं. अर्धा व्होल्ट वाटेत गळाला तर घरच्या २३० व्होल्टमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही. बाराच्या लाइनवर चार टक्के गेले, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर कुरकुरायला लागतो. १८०० वॉटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरवर लावली की बॅटरीतून दीडशेच्या वर अँपिअर ओढले जातात. म्हणून आम्ही स्वयंपाक गॅसवर करतो. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, यावर मात्र कुणी निर्धास्त राहू नये. लिथियम बॅटरीचा शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर सुटतात आणि आग लागते. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळच हवा.

मुक्कामाला एका निवृत्त ऑपरेटरकाकांनी अंगणात जागा दिली. चहा होताच ते छत्री घेऊन गाडीपाशी आले, आत डोकावून मीटर पाहिला आणि थेट विचारलं, "साठा किती, आणि रोज काढता किती?"

मी सांगितलं: फ्रिज थांबून-थांबून चालतो, रात्रीचे वीस अँपिअर-अवर. दोन पंखे तीस. दिवे, पंप, फोन मिळून दहा. म्हणजे रात्रीला साठ.

"व्होल्टवरून अंदाज नाही येत?"

"लेड-ॲसिडचा येतो, काका. भरलेली असली की १२.७, निम्मी झाली की १२.२ च्या आसपास, आणि निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य घटतं. लिथियमचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत हलत नाही. आत गेले किती आणि बाहेर आले किती, हेच मोजत राहावं लागतं."

काका हसले. "म्हणजे आमच्या कोयनेसारखंच. पश्चिमेला वळवायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. कृष्णा लवादाने बांधून दिलेलं. १ जूनला नवं खातं उघडायचं. धरण भरलेलं दिसलं म्हणून मशिना वाटेल तशा फिरवायच्या नाहीत."

या वाक्याने मी खिळून राहिलो. पोफळीची वीज अनेकांना न संपणारी वाटते. प्रत्यक्षात ती टीएमसीच्या हिशेबाने, सकाळ-संध्याकाळच्या वाढत्या मागणीसाठी राखून वापरायची असते. कोळशाचं केंद्र थंड असेल तर सुरू व्हायला तासन्‌तास लागतात, पाण्यावरचा संच काही मिनिटांत भार घेतो. ही तत्परता मौल्यवान, म्हणूनच ती मोजून खर्चायची. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. व्हॅन भाड्याने देणाऱ्याने किल्लीसोबत हा हिशेबही समजावून द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

काकांनी घरातून वायर ओढून द्यायची तयारी दाखवली. "पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे, अर्थिंग मी स्वतः तपासलंय." गरज नव्हती, पण त्या दुसऱ्या वाक्यासाठी त्यांना नमस्कार करावासा वाटला.

सकाळी मीटरवर १३५ अँपिअर-अवर उरले होते. गाडी सुरू करणारी बॅटरी वेगळी, तिला रात्रीचा खर्च कळतच नाही. इंजिन चालू झालं की मधला डीसी-डीसी चार्जर अल्टरनेटरकडून बेताने, तीस अँपिअरच घेतो. लिथियम थेट जोडली तर ती ओढून-ओढून अल्टरनेटर तापवते. पाऊस ओतत होताच, पॅनलचा भरवसा नव्हता. चिपळूणला थांबण्याऐवजी तसंच गुहागरला जायचं ठरवलं. दोन तास धरले तर साठ अँपिअर-अवर परत. रात्रीचा खर्च वसूल.