आईची अट, अण्णांची इच्छा आणि ताडोबा

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवीत राहिले. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर, ते सहज म्हणाले, "पानझडी जंगल शिकवण्यात चाळीस वर्षे गेली, पण खरे जंगल काही पाहिले नाही." तक्रारीचा सूर नव्हता. मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही. पस्तीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीत मी इतरांच्या ठेवींच्या मुदती सांभाळल्या. घरातील ही ठेव केव्हाच मुदतपूर्ण झाली होती आणि माझे तिच्याकडे लक्षच गेले नव्हते.

पुण्यातील मुलाला ही हकिकत कळताच त्याने उत्साहाने एक योजना पाठवली. अमेरिकेत लोक चाकांवरचे घर घेऊन राष्ट्रीय उद्यानांत जातात आणि वृद्ध आई-वडिलांनाही बरोबर नेतात. आपल्या राज्य शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. तेव्हा एक कॅराव्हॅन भाड्याने घ्यावी, तीतच पलंग, तीतच ओटा, तीतच शौचालय. हॉटेल शोधण्याची कटकट नाही. मला कल्पना पसंत पडली. जवळच्या अभयारण्यांचा विचार करून शेवटी ताडोबा निश्चित केले. १९५५ साली घोषित झालेले हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला.

योजना आईसमोर मांडली, तेव्हा तिने एकाच वाक्यात निकाल दिला. "गाडीत नाही अन् तंबूतही नाही. त्र्याण्णव साली ताडपत्रीखाली महिना काढला की रे, आता पैसे देऊन पुन्हा तसंच झोपायचं?"

लातूरच्या वाचकांना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावात गणपतीचे विसर्जन आणि आमच्या घरी दशलक्षण पर्वाचा अखेरचा दिवस. आईचा निर्जळी उपवास होता आणि सकाळी पारणे व्हायचे होते. चार वाजायला चार मिनिटे असताना जमीन हलली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे झोपेतच गेली. शहरातील आमचे जुने घर उभे राहिले, पण भिंतींना तडे गेले. त्यानंतर आम्ही शाळेच्या मैदानावर ताडपत्री बांधून राहिलो. वरून पाऊस आणि खालून अधूनमधून बसणारे धक्के. आईचे पारणे त्या दिवशी केव्हा झाले, की झालेच नाही, हे आज कोणालाही आठवत नाही. उघड्यावर झोपणे ही कोणाची हौस असू शकते, हे तिला पटणे शक्यच नव्हते.

कॅराव्हॅनचा विचार मी सोडला. त्यास अन्य कारणेही होती. कागदावर जमा आणि नावे असे दोन रकाने आखून पाहिले, तेव्हा नावे बाजूच जड निघाली. भाडे दिवसागणिक, पायरी उंच, शौचालय इतके अरुंद की वृद्ध माणसाला आधार देणारा दुसरा माणूस आत मावणार नाही. मुख्य म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात आपले वाहन मुक्कामास नेता येत नाही. तेथे नोंदणीकृत जिप्सीतून, मार्गदर्शकासह, ठरलेल्या वेळेतच फिरावे लागते आणि गाडीखाली उतरण्यास मनाई असते. मग चाकांवरचे घर केवळ रस्त्यापुरतेच उरते. रस्त्यासाठी टेम्पो ट्रॅव्हलर पुरेसा होता. शेवटच्या लांब आसनावर गादी अंथरली आणि कमोडची घडीची खुर्ची व एक भक्कम प्लॅस्टिकचे स्टूल घेतले. या स्टुलाचे महत्त्व पुढे कळले. जिप्सीत चढताना अण्णांना त्याचाच आधार झाला.

खरा प्रश्न मुक्कामाचा आणि आहाराचा होता. आईचे नियम तीन : देवदर्शनाखेरीज अन्न नाही, सूर्यास्तानंतर काही नाही आणि पाणी गाळून उकळलेले. पाण्याबाबत आमच्या घरात कोणी वाद घालत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरातील माणूस पाण्याचा नियम हसण्यावारी नेत नाही. भोजनाचे उत्तर भद्रावतीने दिले. ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारापासून तीसएक किलोमीटरवर असलेल्या या गावी स्वप्नदेव केशरिया पार्श्वनाथांचे प्रसिद्ध श्वेतांबर तीर्थ आहे आणि तेथे धर्मशाळा व भोजनशाळा दोन्ही आहेत. आम्ही दिगंबर, पण पार्श्वप्रभूंपुढे हात जोडताना आईला कोणताही भेद आठवला नाही.

जंगलातील फेरीची वेळ ठरवतानाही हा नियम आड आला. दुपारची फेरी उबदार असते, पण ती संपेपर्यंत सूर्य मावळतो. सकाळची फेरी नियमाला सोयीची, परंतु थंडीची. डिसेंबर-जानेवारीचा गारठा अण्णांच्या छातीला झेपणार नव्हता; एप्रिलनंतर चंद्रपूरचे ऊन कोणालाच झेपत नाही. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीतील सकाळ ठरली. मंगळवारी उद्यान बंद असते, तो दिवस टाळून आरक्षण केले. हृदयरोगतज्ज्ञांची लेखी संमती घेतली, औषधांच्या दोन स्वतंत्र पिशव्या केल्या, सर्वांची मूळ ओळखपत्रे एका पाकिटात ठेवली. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, हे कळल्यावर सौ. घाबरली. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एवढाच दिलासा मी देऊ शकलो.

प्रवासाचा एकच नियम ठेवला : दिवसाला दोनशे किलोमीटरांहून अधिक नाही. पहिला मुक्काम नांदेडला मावशीकडे, दुसरा यवतमाळला, तिसरा भद्रावतीस. जे अंतर तरुण माणसे एका दिवसात कापतात, त्यासाठी आम्ही तीन दिवस घेतले. आणि त्यामुळेच उमरखेडच्या अलीकडे पैनगंगेच्या पुलावर थांबायला वेळ मिळाला. अण्णांचे आजोळ हदगावचे. १९४८ साली, रझाकारांच्या धामधुमीत, घरातील बायका-मुलांना नदीपार वऱ्हाडात पाठवले गेले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. "अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज गेल्यानंतरचा हिंदुस्थान, मध्ये एवढेच पाणी," ते म्हणाले. शाळेत शिकवलेल्या नकाशातील ही सरहद्द त्यांनी स्वतः ओलांडली होती, हे मला चौसष्टाव्या वर्षी प्रथमच कळले.

फेरीच्या दिवशी मी पावणेचारचा गजर लावला होता. तो वाजण्यापूर्वीच जाग आली. पाहतो तो आई स्नान करून, शुभ्र पातळ नेसून, खाटेवर जपमाळ घेऊन बसलेली. मी विचारले, "आई, झोप नाही लागली का?" ती म्हणाली, "लागली ना. पण या वेळेला मी जागीच असते. त्र्याण्णवपासून."

तीस वर्षे! शेजारच्याच खोलीत झोपणाऱ्या मला हे ठाऊक नव्हते. कोणाची झोप मोडू नये म्हणून ती दिवा लावीत नसे. चार वाजून गेले, जमीन स्थिर आहे अशी खात्री झाली, की तिचा दिवस सुरू होई. मला तिच्या तीन नियमांची यादी पाठ होती; हा चौथा तिने कधी सांगितला नाही आणि मीही कधी विचारला नाही.

मोहर्लीतून आत शिरलो तेव्हा झुंजुमुंजू होत होते. साग, ऐन, बांबू आणि मधूनच भुत्याचा पांढराफटक बुंधा. रस्त्याकडेला गोंड राजांच्या काळचे म्हणून सांगितले जाणारे उंच दगडी खांब. चितळांचे कळप, एक भलामोठा गवा, तलावाकाठी ऊन खात पडलेली मगर. एका वळणावर सांबराचा इशारा ऐकू आला आणि मार्गदर्शकाने गाडी थांबवली. वीस मिनिटे कोणी बोलले नाही. ओल्या मातीत वाघाचे ताजे ठसे होते. वाघ मात्र आला नाही. मला वाईट वाटले, इतका खटाटोप करून मुख्य गोष्टच हुकली म्हणून. अण्णा मान वर करून सागाकडे पाहत होते. एक मोठे वाळके पान फांदीवर आपटत, खडखडत खाली आले. "पानझडी म्हणजे पाने झडतात, हे मी मुलांना सांगत असे," ते हळूच म्हणाले, "आवाज होतो, हे मात्र कधी सांगितले नाही."

साडेअकराला भद्रावतीस परतून आईने दर्शन घेतले आणि मगच अन्न घेतले. चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई सर्वांत कमी थकलेली होती. दुसरा दिवस मुद्दाम विश्रांतीसाठी मोकळा ठेवला होता. वृद्धांच्या प्रवासात तोच सर्वांत उपयुक्त दिवस ठरतो, हे अनुभवाने सांगतो.

वाचकहो, आपल्याही घरी असा प्रवास योजायचा असेल, तर गाडी, औषधे, आरक्षण यांची यादी अवश्य करा, मीही केली. पण त्याआधी एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसून त्यांना काय पाहायचे आहे आणि कशाची भीती वाटते, हे दोन्ही विचारा. माझ्या यादीत पहिला प्रश्न होता, दुसरा नव्हता.

लातूरला परतल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा मला पहाटे जाग येते. मी आईच्या खोलीत जाऊन बसतो. ती जप करीत असते, मी काही बोलत नाही. घड्याळात चार वाजून जातात. मग ती म्हणते, "जा आता, झोप थोडा वेळ."